शाळा आणि आरोग्य (लेखांक ५) : चिठ्ठीचं पुढे काय होतं?

मागच्या आठवड्यात आपण बडोद्यात थांबलो होतो. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातली ती पहिली. यात सयाजीरावांचं कौतुक आहेच, पण एक साधा हिशेबही आहे. सक्ती केली की गावातली सगळी पोरं एका छपराखाली येतात, आणि त्यांच्याबरोबर उवा, खरूज, खुपऱ्याही येतात. मग तपासणी आलीच.

तपासणीनंतर काय, हा प्रश्न मात्र त्याआधी काही वर्षं न्यूयॉर्कला पडला होता. तिथे १८९७ पासून डॉक्टर शाळांत जाऊन मुलं बघत. १९०२ मध्ये ही तपासणी कडक झाली. डोळे आलेले दिसले, डोक्यात गजकर्ण दिसलं, की मुलाच्या हातात चिठ्ठी आणि घरी रवानगी. ही मुलं नुकत्याच बोटीतून उतरलेल्या कुटुंबांची. आई-बाप दिवसभर कपडे शिवणारे. चिठ्ठी इंग्रजीत, ती वाचणार कोण? मूल घरी बसे आणि शाळा सुटली की त्याच गल्लीत, त्याच वर्गमित्रांच्या गळ्यात गळे घालून खेळे. रोग शाळेबाहेर काढला असं कागदावर दिसायचं, एवढंच.

लिलियन वॉल्ड या परिचारिकेने आपल्या आठवणींत बारा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलंय. डोक्यावर इसब, म्हणून शाळेत गेला की दरवेळी परत पाठवलेला. बारा वर्षांचा झाला तरी वाचता येत नव्हतं. इसबावर नीट इलाज झाला आणि पोरगा शाळेत बसला. रोगापायी अक्षर हुकलं होतं, आणि औषध होतं साधं मलम.

वॉल्डबाईंनी शहराला आपल्याकडची एक परिचारिका महिनाभर उसनी दिली. नाव लीना रॉजर्स. ऑक्टोबर १९०२, चार शाळा, मिळून सुमारे दहा हजार मुलं. तिने केलं ते फार थोडं. ज्याला घरी पाठवायचं त्याला शाळेतच बसवून जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली आणि वर्गात परत पाठवलं. ज्यांना खरंच घरी ठेवायला हवं, त्यांच्या घरी ती स्वतः जिने चढून गेली आणि आईला समोर बसवून औषध कसं लावायचं ते दाखवलं. महिना संपला तेव्हा तिला परत पाठवायचा विषयच निघाला नाही, उलट आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये घरी पाठवलेल्या मुलांची नोंद साडेदहा हजारांवर होती. पुढच्या सप्टेंबरात ती अकराशेवर आली. मुलं तीच, रोगही तेच.

अमेरिकेत आज तीन हजारांहून जास्त शाळांत किंवा शाळांलगत दवाखाने आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात १९६७ मध्ये सुरू झालेल्या अशा केंद्राकडे त्यांची सुरुवात म्हणून बोट दाखवतात. त्याच्या तपशिलात आज शिरत नाही.

आपल्याकडे यायचं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून सुरू झाला. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक गाडीतून येतं; अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जिल्हा परिषदेच्या शाळेत हा दिवस बघण्यासारखा असतो. चपला दाराबाहेर, वजनकाट्यापुढे रांग. डोळे तपासायचा तक्ता भिंतीवर, आणि रांगेतल्या पोरांचा तो आधीच पाठ झालेला. एक डोळा तळहाताने झाकायचा, तर बोटांच्या फटीतून दोन्ही डोळ्यांनी बघणारे महाभाग प्रत्येक वर्गात दोन-चार. डॉक्टरबाई खालची पापणी ओढून बघतात. आतला भाग फिकट, की रक्त कमी. मग चिठ्ठी. ग्रामीण रुग्णालय, नाहीतर जिल्हा रुग्णालय.

हृदयाला छिद्र असलेल्या कितीतरी मुलांच्या मोफत शस्त्रक्रिया याच चिठ्ठीपासून सुरू झाल्या, हे मान्यच करायला हवं. पण तिथे पथक मागे लागतं, फोन करतं. चष्मा, किडलेली दाढ, वाहणारा कान यांच्यामागे कोण लागणार? आईचा एक दिवसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं वेगळं, आणि पोराला ‘दुखत तर काही नाही’.

याउलट जंताची गोळी बघा. चारशे मिलिग्रॅमची, वर्गातच, बाईंच्या देखत चावून खायची. काम तिथेच संपलं. आठवड्याची लोहाची गोळीही तशीच, फक्त ती जेवणानंतरच द्यायला हवी. उपाशीपोटी दिली आणि एकाला मळमळलं, की पुढच्या आठवड्यात अख्खा वर्ग तोंड मिटून बसतो. शौचाला काळं होतं हे आधी सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी घाबरलेले आई-बाप दारात. अनुभवी मास्तर म्हणून पहिली गोळी मुलांसमोर स्वतः गिळतात. माझं मत स्पष्ट आहे : शाळेच्या भिंतीच्या आत जे पुरं होतं ते होतं, चिठ्ठीवर बाहेर जातं त्यातलं बरंचसं दप्तराच्या तळाशी राहतं.

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत गुरुजींनी मला त्यांची वही दाखवली. साधी दोनशे पानी, पट्टीने रेघा मारलेली. मुलाचं नाव, पथकाने काय सांगितलं, आणि शेवटचा रकाना : ‘गेला का?’ डोळ्यांच्या नऊ नावांपैकी सात जणांना ते स्वतः एका शनिवारी काळीपिवळीत बसवून तालुक्याला घेऊन गेले होते. सातांपुढे बरोबरच्या खुणा. उरलेले दोन रकाने कोरे. ‘ती दोघं भाऊ आहेत,’ गुरुजी म्हणाले, ‘दसऱ्यानंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेले. आता मार्चात येतील. तोवर नंबर बदललेला असायचा.’