अवकल समीकरणे : पुस्तक कोणते घ्यायचे आणि वाचायचे कसे

औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानासमोर उभी राहून बी.एस्सी.ची मुलं विचारतात, ‘डिफरन्शियल इक्वेशनचं कुठलं पुस्तक घेऊ?’ आम्ही उलट विचारतो, कशासाठी घेता?

रायसिंघानियांचे जाडजूड पुस्तक पुष्कळांकडे असते आणि ते काही वाईट नाही. सोडवलेली उदाहरणे भरपूर, हात बसतो. पण अशा पुस्तकांत रीत मथळ्यातच लिहिलेली असते. त्यामुळे समोरचे समीकरण कोणत्या प्रकारचे, हे ओळखायचे काम आपल्याकडे उरतच नाही. कॉलेजच्या परीक्षेत भागते. नेट-सेटमध्ये समीकरण स्वतःचे नाव सांगत नाही, तिथे पोरं अडकतात.

आपल्या शहरातलेच उदाहरण घ्या. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी ड्रम. उभ्या ड्रमची तळाची तोटी उघडली, की पातळी घटण्याचा वेग पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सतराव्या शतकातला टॉरिचेल्लीचा नियम. चल वेगळे केले की दोन ओळींत उकल. ड्रम रिकामा व्हायला 100 मिनिटे लागणार असतील, तर 50 मिनिटांनी अर्धा नव्हे, पाव ड्रमच उरतो. अर्ध्यावर तो साधारण 29व्या मिनिटालाच आलेला असतो. घरी मोजून बघा, थोडाफार फरक पडेल, पण पाणी वाया घालवू नका!

इथपर्यंत कुठलेही पुस्तक आपल्याला आणते. आता उलटे विचारा. ड्रम रिकामा दिसतोय, तो कधी रिकामा झाला? आज सकाळी, की काल रात्री? समीकरण सांगू शकत नाही. ‘आत्ता पातळी शून्य’ या एकाच अटीतून मागच्या काळासाठी अनेक उकली निघतात. शून्यापाशी वर्गमुळाचा उतार अमर्याद वाढतो, म्हणून तिथे लिपशिट्झची अट मोडते.

आमची कसोटी हीच. पुस्तक हातात घेतलं, की उकल एकच असते का, हा प्रश्न त्यात कुठे आणि कसा येतो ते चाळून बघा. कॉडिंग्टनच्या 1961च्या आटोपशीर पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. सिमन्स (1972) तो अगदी शेवटाकडे नेतो. पण समीकरणे मुळात कुठून आली हे तो गोष्टीसारखे सांगतो, ऑयलर-गाउसच्या चरित्र-टिपांसह. मराठी माध्यमातून आलेल्यांनी बिचकू नये. गणिताच्या इंग्रजीत शब्द मोजकेच असतात, पहिली वीसेक पाने तेवढी जड जातात.

विकत एकच घ्या, सरावाचे. सिमन्स किंवा कॉडिंग्टन ग्रंथालयातून आणा. सरावाच्या पुस्तकातली गणिते मात्र क्रमाने सोडवू नका. पाच प्रकरणांतली चाळीस गणिते चिठ्ठ्यांवर उतरवा, मिसळा, एकेक उचला आणि आधी फक्त प्रकार ओळखा. सोडवून झालं, की मागचं उत्तराचं पान उघडण्याआधी आपली उकल मूळ समीकरणात घालून बघायची.