‘ओन्ली फॉर सलॉन’... पिशवी देऊ का मॅडम?

शनिवारची दुपार, क्रॉफर्ड मार्केटच्या मागची गल्ली. एका हातात उसाचा रस, दुसऱ्या हातात मोबाइल आणि समोर छतापर्यंत रचलेल्या शॅम्पूच्या बाटल्या. काळ्या, पांढऱ्या, सोनेरी पंपाच्या. अगदी त्याच, ज्या आपल्या सलॉनमध्ये आरशाशेजारच्या काचेच्या कपाटात स्पॉटलाइटखाली दिमाखात उभ्या असतात. इथे त्या साबणाच्या खोक्याला टेकून बसल्या होत्या. भाव विचारला. सलॉनपेक्षा जवळपास निम्मा! बाटलीवर बारीक अक्षरांत छापलं होतं की, हे उत्पादन फक्त प्रोफेशनल वापरासाठी आहे. मी ते बोटाने दाखवलं, तर दुकानदाराने तितक्याच शांतपणे विचारलं, “पिशवी देऊ का मॅडम?”

घेतली. का नाही घेणार? महिनाअखेर होती, आणि लोकलच्या घामात चिकट झालेले केस ईएमआयचं कारण ऐकून घेत नाहीत.

घरी आल्यावर बाटली उलटी केली, तेव्हा बुडाशी एक पांढुरका ओरखडा दिसला. काहीतरी छापलेलं कुणीतरी खरवडून काढलं होतं. शॅम्पू मात्र झकास निघाला. वास तोच, फेस तोच, केसही मऊ. मग बिघडलं काय?

कोड कुठंय?

हाच प्रश्न मी घेऊन गेले ठाण्यातल्या माझ्या हेअरड्रेसरकडे. नौपाड्यात दोन खुर्च्यांचं छोटं सलॉन आहे तिचं. चार वर्षं मी तिच्याकडे जातेय, त्यामुळे ती माझी ताई आहे आणि मी तिची ‘अगं’. तिने बाटली हातात घेतली, पंपाकडे पाहिलंही नाही, सरळ बूड बघितलं.

“अगं, कोड कुठंय याचा?”

“कसला कोड?”

“बॅच नंबर. खरवडलाय. म्हणजे माझ्यासारख्याच कुणीतरी विकलाय हा माल.”

माझ्यासारख्याच! मला वाटलं होतं, गोदामातून ट्रक पळवला असेल किंवा उल्हासनगरला कुठेतरी नकली माल भरला जात असेल. तिने समजावलेला हिशेब यापेक्षा फारच साधा होता. प्रोफेशनल ब्रँडचा माल कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरकडे आणि तिथून सलॉनमध्ये येतो. महिना संपत आला की डिस्ट्रिब्युटरला टार्गेट गाठायचं असतं. मग स्कीम निघते. जास्त उचला, जास्त सूट घ्या, वर काही बाटल्या फुकट. दोन खुर्च्यांच्या सलॉनला एवढा माल वर्षभर पुरेल. पण सूट तर हवीच. मग लागेल तेवढा ठेवायचा आणि उरलेला मागच्या दाराने बाजारात सोडायचा. कधी हे सलॉनवाला करतो, कधी डिस्ट्रिब्युटर स्वतःच. कागदावर सगळ्यांचा सेल छान दिसतो.

या धंद्याला इंग्रजीत नावही आहे, डायव्हर्जन. म्हणजे माल खरा, रस्ता चुकीचा. कंपन्या बाटलीवर बॅचचा कोड छापतात. बाजारात बाटली सापडली, की कोडवरून कळतं ती कुठल्या डिस्ट्रिब्युटरला दिली होती. म्हणून तो कोडच आधी उडवायचा. माझ्या बाटलीवरचा ओरखडा हा कुणाचातरी पुसलेला पत्ता होता.

माल्टा रिटर्न शॅम्पू

आता तुम्हाला वाटेल, हा आपल्याकडचाच जुगाड. अजिबात नाही. याच भानगडीवर अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट बसलं होतं आणि ती गोष्ट एखाद्या सिनेमाला शोभेल अशी आहे.

लांझा नावाची कॅलिफोर्नियातली केसांच्या उत्पादनांची कंपनी. तिचा नियम असा, की अमेरिकेत माल फक्त ठरावीक डिस्ट्रिब्युटरना द्यायचा आणि त्यांनी तो ठरावीक भागातल्या सलॉन, बार्बर शॉप आणि हेअर कॉलेजेसनाच विकायचा. जाहिराती आणि ट्रेनिंगवर खर्चही तिथेच. परदेशात मात्र तोच माल ३५ ते ४० टक्के स्वस्तात जायचा. कंपनीने काही टन माल इंग्लंडच्या डिस्ट्रिब्युटरला दिला. तिथून तो भूमध्य समुद्रातल्या चिमुकल्या माल्टाला विकला गेला. आणि मग? त्या बाटल्यांनी यू-टर्न मारला आणि थेट पुन्हा अमेरिका गाठली! क्वालिटी किंग नावाच्या ठोक व्यापाऱ्याने त्या घेतल्या आणि कॅलिफोर्नियातल्या ज्या दुकानांना लांझा माल देत नव्हती, त्यांना स्वस्तात विकल्या. दोन समुद्र फिरून आलेला शॅम्पू जिथे तयार झाला तिथेच, फॅक्टरीच्या अंगणात, सेलमध्ये!

कंपनी भडकली. पण केस करायची कशाखाली? माल चोरीचा नाही, नकलीही नाही. वकिलांनी डोकं लढवलं. शॅम्पूचं नाही, तर लेबलचं पाहा. लेबलवरच्या मजकुराचा कॉपीराइट आमचा आहे, तेव्हा आमच्या परवानगीशिवाय तो आयात करता येणार नाही. खालच्या कोर्टांनी हे मानलं. सुप्रीम कोर्टाने मानलं नाही. मार्च १९९८ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी लांझाच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालाचं सार एवढंच, की तुम्ही वस्तू एकदा विकलीत ना, मग विकत घेणाऱ्याने ती पुढे कुणाला विकायची हे लेबलच्या आधाराने तुम्हाला ठरवता येणार नाही. (पुढे २०१३ मध्ये थायलंडमधून स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून अमेरिकेत विकणारा एक विद्यार्थी याच तत्त्वावर सुटला. शॅम्पूने पुस्तकांचा रस्ता मोकळा केला म्हणायचा!)

त्याआधी १९९३ मध्ये मॅट्रिक्स कंपनीही लुइझियानातल्या एका औषधांच्या दुकानाविरुद्ध हरली होती. तिचं म्हणणं होतं, की सलॉनमधल्या सल्ल्याशिवाय आमचा माल विकणं म्हणजे ट्रेडमार्कचा भंग. कोर्ट म्हणालं, खरा माल खऱ्या नावाने विकला तर भंग कसला?

पण त्या ओरखड्याचं काय? तिथे मात्र पारडं फिरतं. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल अपील कोर्टापुढे डेव्हिडॉफच्या कूल वॉटर परफ्युमचं प्रकरण होतं. सीव्हीएस या औषधांच्या दुकानांच्या साखळीत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवरचे कोड काढलेले होते. कोर्टाने कंपनीची बाजू घेतली. कोड काढला की कंपनीला नकली माल ओळखता येत नाही आणि खराब बॅच परत बोलावता येत नाही, म्हणून.

आपल्याकडेही चित्र साधारण असंच. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा आहे. सॅमसंगच्या प्रिंटरवरून झालेल्या भांडणात दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये सांगितलं, की परदेशात कायदेशीर विकत घेतलेला अस्सल माल इथे आणून विकता येतो, फक्त तो कंपनीने आणलेला नाही आणि कंपनीची वॉरंटी त्यावर नाही हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. आणि त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये एक खुंटीही आहे. बाजारात आल्यानंतर मालाची अवस्था बदलली किंवा बिघडवली असेल, तर कंपनी हरकत घेऊ शकते.

तेव्हा शनिवारच्या त्या दुकानदाराकडे बघून लगेच ‘चोर’ म्हणायची गरज नाही. सलॉनने कंपनीला दिलेला शब्द मोडला असेल, पण तो शब्द त्या दोघांमधला.

मावसबहिणीचे केस

इथपर्यंत मी दुकानदाराच्याच बाजूने होते, खरं सांगते. कंपन्यांचं ‘फक्त सलॉनमध्ये’ हे पालुपद मला जरा ढोंगी वाटतं. आज त्याच प्रोफेशनल ब्रँडचे शॅम्पू आणि मास्क नायकासारख्या अ‍ॅपवर राजरोस मिळतात, सल्लाबिल्ला काही लागत नाही. म्हणजे शॅम्पूच्या बाबतीत प्रश्न सुरक्षेचा कमी आणि मार्जिनचा जास्त.

पण त्याच दुकानात, त्याच फळीवर, शॅम्पूच्या शेजारी स्ट्रेटनिंग क्रीमच्या ट्यूब असतात. आणि डेव्हलपरचे कॅन. त्यांच्यावरही तेच वाक्य छापलेलं असतं, ओन्ली फॉर प्रोफेशनल. इथे मात्र ते खरं असतं. लोचा हा आहे, की दोन्ही वाक्यं दिसायला सारखी.

माझ्या मावसबहिणीने साखरपुड्याआधी अशाच एका दुकानातून रिबाँडिंगच्या दोन ट्यूब आणल्या. सलॉनने सांगितलेला आकडा ऐकून मावशीला घाम फुटला होता, आणि शेजारच्या वहिनीला ‘सगळं येत’ होतं. दुकानदाराने जास्त खपतो तो नंबर दिला. तो निघाला जाड, कधीच रंग न लावलेल्या केसांसाठीचा. आमच्या बाईसाहेबांनी दिवाळीत हायलाइट्स केले होते. ट्यूबसोबत माहितीचा कागदही नव्हता. कानामागचे केस धुताना हातातच आले. फोटोंमध्ये ती सगळीकडे अंबाड्यात आहे आणि अंबाड्याखाली काय आहे ते आम्हा चौघींनाच माहीत.

ताईने नंतर मला सांगितलं, यात नेमकं होतं काय. केसांना आकार देणारे प्रथिनांमधले जे गंधकाचे बंध असतात, ते पहिली क्रीम तोडते. त्यात बहुतेकदा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. मग केस सरळ केल्यावर दुसरी, न्यूट्रलायझर क्रीम ते बंध नव्या जागी पुन्हा जोडते. सगळी मेख पहिल्या क्रीमच्या वेळेत आहे. दर काही मिनिटांनी एक बट ओढून बघायची, किती ताणली जाते ते. ब्लीच केलेल्या केसांत तोडायला आधीच कमी बंध उरलेले असतात. क्रीमला ते कळत नाही, हाताला कळतं.

युरोपच्या नियमांत हा फरक चक्क आकड्यात लिहिलाय. केस सरळ किंवा कुरळे करण्याच्या उत्पादनांत थायोग्लायकोलिक आम्ल सामान्य ग्राहकासाठी जास्तीत जास्त ८ टक्के, प्रोफेशनलसाठी ११. डेव्हलपरचंही तसंच. कॅनवर लिहिलेलं १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड ३, ६, ९ आणि १२ टक्के. चाळीसचा कॅन वीसच्या शेजारी ठेवला तर दिसायला जुळे भाऊ.

बरं, सलॉनमध्ये गेलं की आपण सेफ, असंही नाही. अमेरिकेत ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ नावाची स्ट्रेटनिंग ट्रीटमेंट फॉर्माल्डिहाइड-फ्री म्हणून सलॉनना विकली गेली. ती करणाऱ्या मुलींचे डोळे चुरचुरले, नाकातून रक्त यायला लागलं. २०१० मध्ये ओरेगॉन राज्याने नमुने तपासले, तर फॉर्माल्डिहाइड सापडलं. २०११ मध्ये तिथल्या एफडीएने कंपनीला इशारापत्र पाठवलं. तक्रार मार्गी लागली ती नमुने हातात होते आणि कोणती बाटली कुणी विकली हे सांगता येत होतं म्हणून. माझ्या बाटलीचं असं काही झालं असतं, तर मी कुणाला काय सांगणार होते? बुडाशी फक्त ओरखडा.

मग घ्यायचं की नाही?

मी ताईला हेच विचारलं. तिला वाटलं तर ती म्हणू शकली असती, सगळं माझ्याकडूनच घे. तिचाही धंदा आहे. एक शॅम्पू विकला तर तिला थोडं कमिशन सुटतं, आणि बायका तिच्याकडे तासभर सल्ला घेऊन बाटली गल्लीतून आणतात हे तिला दिसतं. वर घरी केस जळाले की दुरुस्तीला तिच्याकडेच येतात. तरी ती म्हणाली, “शॅम्पू घे गं, पण बघून घे. क्रीम आणि डेव्हलपर घेऊ नकोस.”

बघून म्हणजे काय, तर आधी बूड आणि बाटलीची मान. बॅच नंबर आणि ‘यूज बिफोर’ची तारीख शाबूत हवी. बाटली परदेशी असेल तर आयातदाराचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. परदेशी सौंदर्यप्रसाधनांची नोंदणी भारतात २०१३ पासून सक्तीची आहे, त्यामुळे नुसतीच थाई किंवा अरबी अक्षरं असतील तर ती बाटली कुणाच्यातरी सुटकेसमधून आलीये असं समजा. हेअर कलर असेल तर पॅचटेस्टची सूचना वाचा आणि खरोखर २४ तास आधी कोपराजवळ लावून बघा. हो, दर वेळी. पीपीडीची अ‍ॅलर्जी दहाव्या वेळीही उगवू शकते. आणि बिल मागा.

बिल मीही मागितलं, पुढच्या शनिवारी. दुकानदार हसला. “बिल हवं तर भाव वेगळा, मॅडम.” किती वेगळा? त्याने सांगितलेला आकडा ताईच्या भावापेक्षा फक्त ऐंशी रुपयांनी कमी होता.

ताईकडून निघताना भंगारवाला दारात उभा होता. तिने रिकाम्या बाटल्यांची पिशवी पुढे ओढली, कात्री घेतली आणि एकेका बाटलीची मान कापायला बसली. पंप वेगळे टाकले, लेबलं फाडली. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? ती म्हणाली, “अख्ख्या दिल्या तर तो जास्त पैसे देतो. मग कशाने भरून कुठे जातील, काय सांगता येतं?” भंगारवाल्याने तोंड वाकडं करत तुकडे वजनावर टाकले. सोळा रुपये झाले.