यजमान घरातला रविवार

2025 च्या मे महिन्यात अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या आणि जूनमध्ये समाजमाध्यमांच्या तपासणीची अट घालून त्या पुन्हा सुरू केल्या. तेव्हापासून जळगाव-धुळ्यात मुलांना बाहेर पाठवू पाहणाऱ्या घरांत दोनच विषय निघतात: व्हिसा मिळेल का आणि खर्च झेपेल का. दोन्ही काळज्या रास्त आहेत. पण सोळा वर्षांचं लेकरू वर्षभर परक्या कुटुंबात राहायला निघालं असेल, तर तिसरा प्रश्नही विचारायलाच हवा. त्या घरात त्याचे शनिवार-रविवार कसे जाणार?

रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात 15 ते 19 वर्षांची मुलं दहा-बारा महिने दुसऱ्या देशात राहतात, तीही सहसा दोन-तीन वेगवेगळ्या कुटुंबांत. यजमान कुटुंब त्यासाठी मोबदला घेत नाही. पैसे भरून घेतलेल्या खोलीत मुलगा शेवटी भाडेकरूच असतो. इथे तो घरचा मानला जातो, म्हणून सुटीच्या दिवशी सहलीही वाट्याला येतात आणि भांडीही.

जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. किराणा शनिवारीच भरून ठेवायचा, रविवारी सगळ्यांनी मिळून पायी फिरून यायचं आणि दुपारी कॉफी-केकला एकत्र बसायचं, असा अनेक घरांचा शिरस्ता. ब्राझीलमध्ये रविवारी आजी, काका, आत्या एकाच अंगणात जमतात आणि निखाऱ्यांवर मांस भाजत दुपारची संध्याकाळ होते. आपल्या शाकाहारी मुलीची तिथे पंचाईत होऊ शकते. म्हणून काय चालतं, काय चालत नाही, हे यजमानांना आधीच मोकळेपणाने कळवावं. अमेरिकेत शुक्रवारी रात्री शाळेचा फुटबॉल सामना, शनिवारी अंगणातलं गवत कापणं, रविवारी अनेक घरांत चर्च. जायचं नसेल तर तसं नम्रपणे सांगता येतं. होकार आणि नकार दोन्ही नीट द्यायला मूल शिकतं, ते अशाच प्रसंगांत.

यात अडचण आपल्याकडूनच होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारची सकाळ होते, तेव्हा खानदेशात संध्याकाळ असते. आई-बाबा, आजी, मामा सगळे मोकळे. मग तासभर व्हिडिओ कॉल चालतो आणि तिकडचं कुटुंब गाडी काढून दारात ताटकळतं. पालकांनो, निवांत गप्पांसाठी आठवड्यातला दुसरा दिवस ठरवा. रविवार त्या घराला द्या.

यजमान घर आणि परक्या लेकरातल्या या नात्याची मराठी परंपरा फार जुनी आहे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी एका मिशनरी नियतकालिकात आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांचं पत्र वाचलं आणि आपण होऊन लिहायला सुरुवात केली. त्या पत्रव्यवहारातून मावशी-भाचीचं नातं जुळलं. एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई पतीशिवाय कलकत्त्याहून बोटीत चढल्या, त्या वेळी त्यांचं वय अवघं 18 होतं. जूनमध्ये न्यूयॉर्कला त्यांना उतरवून घ्यायला याच मावशी हजर होत्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधीचा उन्हाळा आनंदीबाईंनी त्यांच्या घरी काढला. त्या घरात राहूनही त्यांनी साडी सोडली नाही आणि शाकाहारही सोडला नाही. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. यजमान घराने लेक मानणं म्हणजे काय, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आणि आपण? परदेशी विद्यार्थी खानदेशात आला की त्याला अजिंठा दाखवायचा, जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ दाखवायचं, धुळ्यात असेल तर लळिंगचा किल्ला चढवायचा. हे सगळं जरूर दाखवावं. पण माझं ठाम मत आहे की पाहुण्याला खानदेश कळतो तो हिवाळ्यात, मळ्यातल्या भरीत पार्टीत. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची हिरवी-पांढरी भरताची वांगी तेलाचा हात लावून काट्यांच्या जाळावर भाजायची. सालं काढताना बोटं पोळतात, तिथे पाहुण्यालाही बसवावं. मग लाकडी बडगीत वांगी ठेचायची, वर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याच्या पातीची फोडणी. केळीच्या पानावर कळण्याची पुरी आली की पंगत बसते. पाहुण्याने बडग्याचा घाव घातला, पंगतीत वाढायला घेतलं, की कॅमेरा आपोआप बाजूला पडतो.

अमळनेरच्या शाळेत शिकवणारे आणि तिथल्या छात्रालयात मुलांची आईच्या मायेने काळजी घेणारे साने गुरुजी 1949 मध्ये आंतरभारतीची कल्पना मांडत होते. वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांना जवळून ओळखावं, ही त्यांची तळमळ होती. ही ओळख व्हायला एकमेकांच्या घरी राहण्यासारखा दुसरा उपाय नाही, आणि आता तर प्रांतांबरोबर देशांच्या सीमाही ओलांडता येतात.

म्हणून मूल पाठवताना यजमान कुटुंबाची पडताळणी कुणी केली, महिन्यातून एकदा तरी मुलाशी एकट्याने कोण बोलणार आणि अडचण आली तर घर बदलून मिळेल का, हे स्पष्ट विचारून घ्या. विचारताना संकोच नको; जबाबदार संस्था या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवते. आणि आपल्या लेकराला तिकडे कुणीतरी ताटावर बसवून घेणार असेल, तर आपल्या घरातली एक खोलीही कुणाच्या तरी लेकरासाठी उघडा. नुसतं पाठवत राहणं हा एकतर्फी व्यवहार झाला. खानदेशाला तो शोभत नाही.