आडवी गिटार : सरळ सळईचे गणित

मांडीवर आडवी ठेवून वाजवली जाणारी हवाईन गिटार जुन्या चित्रपटगीतांतून आपल्या परिचयाची आहे. तिच्या तारा बोटांनी दाबत नाहीत. तारांवर पोलादी सळई टेकवून सरकवतात. त्यामुळे मींड सहज निघते. ब्रिजभूषण काब्रा यांनी 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त गिटारवर रागसंगीत वाजवले, ते याच गुणामुळे.

आता जँगो राइनहार्ट आणि स्तेफान ग्रापेली यांची 1937 ची 'मायनर स्विंग' ही जिप्सी जॅझची धून पाहू. तिचे मुख्य स्वरमेळ तीन. तारा सा, कोमल ग, प अशा लावल्या, की पहिला मेळ मोकळ्या तारांतच मिळतो. दर खुणेला तारेची लांबी सुमारे 5.6 टक्क्यांनी घटते. पाचव्या खुणेवर म, कोमल ध, सा हा दुसरा मेळ येतो. सातव्या खुणेवर मात्र प, कोमल नी, रे मिळतात. धुनेला हवा शुद्ध नी! असे का? सरळ सळई सर्व तारा एकाच प्रमाणात आखूड करते. स्वरांतील परस्पर अंतर बदलत नाही. उपाय असा, की दोनच तारा निवडून सळई तिरपी धरावी : कोमल गंधाराची तार आठव्या खुणेवर, पंचमाची सातव्या.

वर्गात फळीवर दोन तारा ताणून, जाड खिळा सरळ व तिरपा सरकवून हा फरक विद्यार्थ्यांना जरूर ऐकवावा.