दोनशे डॉलरचा तंटा

ओंटारिओ सरोवराच्या पश्चिम टोकाशी वसलेल्या हॅमिल्टन या पोलादाच्या नगरीत, क्विबेक शहरात डबघाईस आलेला बर्फावरील हॉकीचा व्यावसायिक संघ १९२० साली येऊन दाखल झाला आणि ‘हॅमिल्टन टायगर्स’ या नावाने नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळू लागला. पहिल्याच सामन्यात त्याने माँट्रिअलच्या बलाढ्य कॅनेडियन्सला ५-० असे लोळविले खरे, परंतु त्यानंतरचे चार हंगाम या वाघांनी तळाचे स्थान इतक्या निष्ठेने सांभाळले की त्यांच्या भावी पराक्रमाविषयी कोणीही पैज लावली नसती.

पाचव्या हंगामात मात्र चमत्कार झाला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा मारा सोसून परतलेला ‘शॉर्टी’ ग्रीन कर्णधार होता, बिली बर्च ऐन भरात होता, आणि तीस सामन्यांपैकी एकोणीस जिंकून टायगर्स अग्रस्थानी आले. घोडे पेंड खाते ते येथेच. मालकांनी त्या वर्षी सामन्यांची संख्या चोवीसवरून तीसवर नेली होती, त्यांचा गल्लाही वाढला होता, पण खेळाडूंचा मेहनताना होता तेवढाच राहिला. म्हणून अंतिम फेरीपूर्वी प्रत्येकी दोनशे डॉलर द्यावेत, अन्यथा आम्ही बर्फावर उतरणार नाही, असा निरोप त्यांनी व्यवस्थापक पर्सी थॉम्पसन यांस दिला. करारनामा मार्चअखेरपर्यंतचा आहे, मग सामने कितीही होवोत, हे मालकांचे उत्तर. कागदाच्या अक्षराप्रमाणे ते चूक नव्हते. पण अधिक श्रमांचे फळ एकट्या मालकाच्या तिजोरीत पडावे, हा न्याय प्रस्तुत लेखकास तरी पटत नाही. लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांना तो पटला. त्यांनी सारा संघ निलंबित करून प्रत्येकास दंड ठोठावला, आणि दंडाची रक्कमही, योगायोग म्हणा की खवचटपणा, दोनशे डॉलरच होती! विजेतेपद कॅनेडियन्सकडे गेले.

पुढचे सारे झटपट उरकले. मद्यबंदीच्या काळात चोरट्या दारूवर गबर झालेल्या न्यूयॉर्कच्या बिल ड्वायरने पंचाहत्तर हजार डॉलर मोजून हे खेळाडू विकत घेतले आणि चांदण्या-पट्ट्यांचा झगमगीत गणवेश चढवून ‘न्यूयॉर्क अमेरिकन्स’ या नावाने उभे केले. १५ डिसेंबर १९२५ रोजी नव्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील हॉकीचा पहिला गोल ग्रीनने नोंदविला. तो संघही १९४२ साली बंद पडला.

खेळाडूंची टिकाऊ संघटना उभी राहून मालकांची मान्यता मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले. हॅमिल्टनने १९८५ साली मोठे क्रीडागृह बांधून वाट पाहिली; परंतु लीगचा संघ त्या शहरास पुन्हा मिळालेला नाही.