बावीस घड्याळं, एक वेळ

सराव परीक्षा अकराला संपली. शेवटच्या रांगेतल्या मुलीनं उत्तरं वेळेत जमा केली होती, मी तिच्या मागेच उभा होतो. तरी तिच्या फाइलवर वेळ पडली ११ वाजून ४ मिनिटं. तिच्या शेजारच्या मुलानं त्याच सुमारास बटण दाबलं, त्याच्या फाइलवर १० वाजून ५३. नियमानं पाहिलं तर ती बाद आणि तो सात मिनिटं आधी उठलेला. दोन्ही खोटं.

वांद्रे पूर्वेच्या एका अभ्यासिकेत मी संगणकांची देखभाल करतो. बावीस संगणक आहेत. परीक्षेच्या काळात कुणी बाहेर डोकावू नये म्हणून त्या खोलीला इंटरनेट मुद्दाम दिलेलं नाही, आणि वर्षभर कुणी घड्याळांकडे पाहिलं नव्हतं. मीही नाही. त्या मुलीचा निकाल आम्ही दुरुस्त केला, पण नंतर मी जे शिकलो आणि मांडलं ते इथं सविस्तर लिहितो. शाळांच्या संगणक-कक्षांना आणि छोट्या कार्यालयांना ते उपयोगी पडेल.

आधी घड्याळ का चुकतं ते पाहू. संगणकातलं घड्याळ मनगटावरच्या घड्याळासारखंच क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतं. हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ते कंप मोजून सेकंद ठरतो. पण प्रत्येक स्फटिक थोडा निराळा कापला जातो, आणि तापमान बदललं की त्याची चालही बदलते. दहा लाखांत वीस इतका फरक सामान्य समजतात. ऐकायला तो क्षुल्लक आहे. दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पाऊण मिनिटाहून जास्त, वर्षाला दहा मिनिटं. एक पुढे धावणारा आणि एक मागे पडणारा संगणक शेजारी ठेवले की आमच्याकडे झालं तेच होतं. त्यातून संगणकातला नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपला, तर वीज गेल्यावर घड्याळ थेट काही वर्षं मागे जातं.

आमच्या अभ्यासिकेपासून बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल फार लांब नाही. तिथल्या एक्स्चेंज प्लाझात राष्ट्रीय शेअर बाजाराचा कारभार चालतो. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो आणि एकाच भावाच्या दोन मागण्या आल्या तर आधी आलेलीला प्राधान्य मिळतं. ‘आधी’ या शब्दाचा निवाडा घड्याळच करतं. सर्ट-इन या सरकारी संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांना निर्देश दिले की त्यांच्या संगणकांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या, नाही तर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडलेली हवीत. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम याच प्रयोगशाळेचं, तिथल्या सीझियमच्या अणुघड्याळांवर. चोरी, घुसखोरी किंवा बिघाड शोधताना दहा यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात, आणि वेळा जुळल्या नाहीत तर कोणती घटना आधीची हेच कळत नाही. आमचा प्रश्न त्यांच्यासारखाच होता, फक्त आकारानं लहान.

वेळ नेटवर्कवरून पोहोचवण्याच्या पद्धतीला एनटीपी म्हणतात. अमेरिकेतले डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली, तिचं पहिलं अधिकृत टिपण १९८५ सालचं. तिच्यातल्या दोन रीती इथं पाहू, विचारण्याची आणि ऐकण्याची.

विचारण्याची रीत अशी. आपला संगणक आपल्या घड्याळाप्रमाणे दहाच्या ठोक्याला निरोप पाठवतो. सर्व्हरला तो त्याच्या घड्याळाप्रमाणे १० वाजून २.०१५ सेकंदांनी मिळतो. तो २.०१६ ला उत्तर धाडतो. आपल्याकडे उत्तर पोहोचतं तेव्हा आपलं घड्याळ ०.०३१ सेकंद दाखवतं. म्हणजे जाऊन यायला एकतीस मिलिसेकंद लागले, त्यातला एक सर्व्हरकडे गेला, प्रवासाचे उरले तीस. येताना-जाताना सारखाच वेळ लागला असं धरलं तर एकेका बाजूला पंधरा. निरोप पंधरा मिलिसेकंदांचा प्रवास करून २.०१५ ला पोहोचला, याचा अर्थ आपलं घड्याळ नेमकं दोन सेकंद मागे आहे. गंमत अशी की दोन चुकीच्या घड्याळांमधलं अंतर एका फेरीत निघालं आणि प्रवासाचा वेळ त्यातून आपोआप वजा झाला.

ऐकण्याची रीत म्हणजे प्रसारण. सर्व्हर कुणी विचारायची वाट पाहत नाही. ठरलेल्या अंतरानं, सहसा ६४ सेकंदांनी, तो साऱ्या नेटवर्कला ओरडून वेळ सांगतो. आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके ऐकून घरोघर घड्याळं लावत, तसंच. प्रयोगशाळाही पूर्वी एटीए नावाच्या लघुलहरी केंद्रावरून अशी वेळ प्रक्षेपित करत असे. यात सर्व्हरचे कष्ट वाचतात. ऐकणारे वीस असोत की दोन हजार, निरोप एकच.

पण ऐकण्यात एक खोट आहे, आणि हा सगळा विषय तिच्याभोवतीच फिरतो. गिरणगावात भोंगा वाजला की एक किलोमीटरवरच्या माणसाला तो जवळपास तीन सेकंद उशिरा ऐकू येई. भोंग्यावरून किती वाजले ते कळतं, पण भोंगा आपल्यापासून किती लांब आहे ते कळत नाही. रेडिओलहरींचं एक बरं असतं. दिल्ली ते मुंबई सरळ अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास, लहरींना लागतात सुमारे चार मिलिसेकंद, ते हिशेबानं वजा करता येतात. नेटवर्कच्या तारेत मात्र निरोप स्विचच्या रांगेत थांबतो, आणि ती रांग किती लांब आहे हे नकाशा पाहून सांगता येत नाही.

म्हणून एनटीपीचा ऐकणारा संगणक पहिलं प्रसारण कानी पडलं की लगेच विश्वास टाकत नाही. तो त्या सर्व्हरशी थोडी प्रश्नोत्तरं करतो, वर सांगितलेल्या रीतीनं प्रवासाचा वेळ मोजून घेतो, आणि मग गप्प बसून ऐकत राहतो. पुढच्या प्रत्येक प्रसारणात तो मोजलेला वेळ मिळवतो. हा सुरुवातीचा संवाद बंद करण्याची सोय आहे. खरोखर एकमार्गी जोडणी असल्याशिवाय ती वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

आता प्रत्यक्ष मांडणी. आम्ही एका जुन्या लिनक्स संगणकाला दोन नेटवर्क कार्डं लावली, एक बाहेर, एक खोलीच्या स्विचकडे. तो बाहेर विचारतो आणि आत प्रसारित करतो. त्याच्या ‘एनटीपी डॉट कॉन्फ’ फाइलीत (टंकताना अर्थातच रोमन लिपीत) ‘सर्व्हर’ या शब्दापुढे एकेक पत्ता लिहायचा. प्रयोगशाळेचा ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी’, एनआयसीचे ‘समय१’ आणि ‘समय२ डॉट एनआयसी डॉट इन’. एकच पत्ता देऊ नका. दोन दिले आणि ते भांडले तर खरा कोण ते ठरत नाही. तिघांत बहुमत होतं, चौथा मिळाला तर आणखी बरं.

मग प्रसारणाची ओळ. ‘ब्रॉडकास्ट’, त्यापुढे खोलीच्या नेटवर्कचा प्रसारण-पत्ता, आमच्याकडे १९२.१६८.१.२५५, आणि त्यापुढे ‘की १’. ही किल्ली विसरण्याजोगी नाही. प्रसारण कुणीही करू शकतं. एखाद्या खोडकर मुलानं लॅपटॉप जोडून चुकीची वेळ ओरडायला सुरुवात केली, तर किल्लीशिवाय ऐकणारे त्यालाही मानतील. किल्ल्यांची वेगळी फाइल असते. तीच सगळीकडे ठेवायची आणि ‘ट्रस्टेडकी १’ लिहायचं. ऐकणाऱ्या संगणकांवर त्याशिवाय एकच शब्द लागतो, ‘ब्रॉडकास्टक्लायंट’. सर्व्हरचा पत्ताही द्यावा लागत नाही.

एवढं करून पहिल्या दिवशी माझ्याकडे एकही संगणक ऐकेना. कारण फायरवॉल. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फायरवॉल आत सोडते, पण न विचारता आलेला निरोप अडवते, आणि प्रसारण म्हणजे न विचारता आलेला निरोपच. यूडीपीचं १२३ क्रमांकाचं दार प्रत्येक संगणकावर उघडावं लागलं. दोन संगणक तरीही अडले. त्यांचे सेल संपलेले होते. फरक एक हजार सेकंदांहून जास्त दिसला की एनटीपी घड्याळाला हात न लावता बंद पडतं, कारण एवढी मोठी तफावत म्हणजे काही तरी गंभीर बिघडलंय असं ते मानतं. सेवा सुरू करताना ‘वजा जी’ हा पर्याय दिला की पहिल्या वेळेपुरती ती अट उठते. सेल मात्र बदलायलाच हवा.

लहान फरक एनटीपी कसा भरून काढतं हेही पाहण्यासारखं आहे. १२८ मिलिसेकंदांच्या आतला फरक असेल तर काटा सरकवत नाही, चाल बदलतं. सेकंदामागे जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद जलद किंवा संथ. त्यामुळे घड्याळ कधी उलटं जात नाही आणि एकाच क्षणाच्या दोन नोंदी होत नाहीत.

तपासायला ‘एनटीपीक्यू वजा पी’. निवडलेल्या सर्व्हरपुढे तारा येतो. ‘रीच’ नावाच्या रकान्यात ३७७ दिसलं की समाधान मानावं. हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे, त्याचा अर्थ शेवटचे आठही निरोप मिळाले. निव्वळ ऐकून आठ निरोप जमायला साडेआठ मिनिटं लागतात, तेवढा धीर धरावा.

एक गैरसमज वारंवार दिसतो. निरोपात भारतीय वेळ नसतेच, जागतिक वेळ असते. साडेपाच तास आपला संगणक स्वतः मिळवतो. लिनक्समध्ये ‘आशिया/कोलकाता’ निवडायचं, मुंबईची वेगळी नोंद नाही. विंडोजच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली एका ओळीत मिळतात. विभाग चुकीचा ठेवून घड्याळाचे आकडे हातानं बदलले तर पुढच्या निरोपाला ते पुन्हा उडतं. ज्या शहरानं १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाल्यावरही आपली ३९ मिनिटं मागची मुंबई वेळ कित्येक वर्षं सोडली नाही, तिथं हा एक पर्याय निवडताना मला दर वेळी बरं वाटतं.

प्रसारण सगळीकडे चालत नाही. ते राउटर ओलांडत नाही, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या वेगळ्या नेटवर्कला तिथला वेगळा सर्व्हर हवा. वायफायवर ते देऊ नये. झोपलेल्या लॅपटॉपसाठी राउटर प्रसारण अडवून ठेवतो आणि एकदा मोजलेला प्रवासाचा वेळ खोटा ठरतो. विंडोजमधली अंगभूत वेळ-सेवा आणि लिनक्सवरचा क्रोनी प्रसारण ऐकत नाहीत. आमच्या कार्यालयातले विंडोज संगणक त्याच सर्व्हरला विचारतात. नव्यानं मांडणी करणाऱ्याला मी सांगेन की संगणक थोडे असतील आणि विचारायला वाट असेल, तर विचारणंच बरं. ऐकणं ठेवावं ते यंत्रं पुष्कळ असतील आणि नेटवर्क आपल्या हातातलं असेल तेव्हा.

आमचं इंटरनेट पावसाळ्यात अधूनमधून जातं. त्यासाठी सर्व्हरच्या फाइलीत ‘टॉस ऑर्फन ५’ ही ओळ घातली आहे. बाहेरचे सगळे आवाज बंद झाले तरी तो आपल्या घड्याळावर प्रसारण चालू ठेवतो. दोन दिवसांत तो थोडाफार चुकेल, पण बावीसही संगणक त्याच्याबरोबरच चुकतील. परीक्षेच्या खोलीत दिल्लीशी जुळण्याआधी शेजारच्याशी जुळणं महत्त्वाचं.

गेल्या परीक्षेला मी बावीसही फाइलींच्या वेळा कागदावर उतरवल्या. शेवटची पडली १० वाजून ५९ मिनिटं ४८ सेकंदांना. तिसऱ्या रांगेतला मुलगा होता तो. बटण दाबून त्यानं मागे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते अजून मीच हातानं लावतो.