आई ड्युटीवर आहे!

लुक बघाल तर प्रेमातच पडाल. निळसर-हिरवा बेस, त्यावर लाल पट्टे आणि काहींच्या पाठीच्या ढालीवर पुढे आलेलं चक्क एक शिंग! साइज म्हणाल तर जेमतेम एक सेंटिमीटर. हिचं नाव ओक ट्रीहॉपर, शास्त्रीय भाषेत प्लॅटिकोटिस व्हिटाटा. मुक्काम पोस्ट अमेरिकेतली ओकची झाडं. आपल्याकडे शेतकऱ्यांची झोप उडवणारे तुडतुडे हिचेच नातलग.

सध्या मी फ्लोरिडात ऑनसाइट आहे. आमच्या पार्किंगमध्ये ओकची झाडं आहेत. वसंत ऋतूत त्यांच्या खालच्या फांद्यांवर ही मंडळी दिसतात. एकटीदुकटी नाही, अख्खी टीम!

फंडा असा आहे. मादी डहाळीच्या सालीला चिरा पाडते, त्यात अंडी घालते आणि तिथेच बसून राहते. बहुतेक कीटक अंडी घातली की चालते होतात. ही मात्र पिल्लं मोठी होईपर्यंत हलत नाही. काळ्या अंगावर पिवळी-लाल नक्षी असलेली पिल्लं डहाळीला चिकटून रस पितात आणि आई पहारा देते.

'नुसती बसलीये' असं वाटतं ना? पण याच कुळातल्या थॉर्नबगचं काय चालतं, ते मिसुरी विद्यापीठाच्या रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी शोधून काढलं. शत्रू आला की पिल्लं एकसाथ अंग थरथरवतात. तो मेसेज फांदीतून आईपर्यंत पोचतो आणि ती पंख फडफडवत, लाथा झाडत शत्रूवर चालून जाते. आपल्याला यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्यासाठी फांदीला सेन्सर लावावा लागतो.

ऑफिसमधल्या एकाने लगेच औषध फवारायची आयडिया काढली. मी म्हटलं, थांब बाबा! या किड्यांमुळे ओकचं फारसं काही बिघडत नाही. डहाळीवर बारीक वण राहतात, इतकंच. फवारा मारला तर मात्र अख्खं कुटुंब जाईल. आणि एकटी आई जरी गेली, तरी पिल्लांचं कठीणच. थॉर्नबगची आईविना पिल्लं कमी जगतात, हे प्रयोगांत दिसलंय.

कधी तिकडे गेलात, तर लंच ब्रेकमधली दहा मिनिटं काढून ओकच्या खालच्या फांद्या जरूर बघा. फोटो काढा, पण फांदी हलवू नका. तिथे कुणीतरी कामावर आहे.